येताना ज्वारी घेऊन ये

सीनाकाठ | २८ ऑक्टोबर २०२५

दिवाळीला गावी निघायच्या आदल्या दिवशी आईचा फोन. "येताना दहा किलो ज्वारी घेऊन ये. बघून घे, पांढरी, टपोरी." मी हडपसरला राहतो. गाव परांडा तालुक्यात, सीनेपासून जवळ. लहानपणी चुलत्यांकडे पुण्याला जाताना एसटीच्या टपावर आमचं ज्वारीचं पोतं असायचं. यंदा तीच एसटी, तीच ज्वारी, फक्त तोंड उलटीकडे. वाण्याकडून ४८ रुपये किलोनं घेतली आणि पिशवी मांडीवर ठेवून गावी गेलो. खरं सांगतो, स्टँडवर उतरताना ती पिशवी लपवावीशी वाटली.

घरात सात एकर आहे, भाऊ कसतो. पाच एकर सोयाबीन, दोन एकर तूर. सप्टेंबरच्या शेवटी सीनेला जे पाणी आलं त्यात सोयाबीन तीन दिवस बुडालं, उरलेल्या शेंगांना झाडावरच कोंब फुटले. तूर पाणी साचून उभी वाळली. नदीकडच्या दीड एकरातली वरची माती खरवडून गेली, खाली मुरूम दिसतोय. दोन वर्षांपूर्वी, २०२३ ला, ऑगस्ट पूर्ण कोरडा गेला होता. १९०१ पासून देशात इतका कोरडा ऑगस्ट झाला नव्हता. तेव्हा हेच सोयाबीन फुलात असताना करपलं. म्हणजे एकदा पाणी नाही म्हणून गेलं, एकदा पाणी फार झालं म्हणून गेलं.

पण मला सलतंय ते वेगळंच. पूर्वीही पिकं जायची, मात्र खरीप गेला तरी रब्बीची ज्वारी हाताशी असायची, आणि ती गेली तर मागच्या वर्षीची कणगीत, म्हणजे घरातल्या धान्याच्या कोठीत, असायची. आता पीक गेलं की पैसा गेला, आणि पैसा गेला की खायचं धान्यही गेलं, कारण ते दुकानात आहे. आमची कणगी आईनं चार वर्षांपूर्वी मोडली. आत कोंबड्या अंडी घालायच्या.

मी भावाला म्हटलं, अजून वेळ आहे, दोन एकर शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, टाकू. तो म्हणाला, "तू पुण्याहून राखणीला येणार का?" तर विचारतोय, घरापुरती ज्वारी पेरणं हे शहाणपण आहे की माझं पुण्यात बसून गहिवरणं?

---

चिकित्सक_बापू | २८ ऑक्टोबर

गहिवरणं.

थोडं सविस्तर. तुमच्या भागातली ज्वारी हवामानानं नेली नाही. सोयाबीनला शंभर दिवसांत रोख पैसा होता, ज्वारीला भाव नव्हता, रेशनवर गहू-तांदूळ स्वस्त होता आणि पोरांना चपाती आवडायला लागली. हे सगळं पूर आणि तो कोरडा ऑगस्ट यांच्या आधीच घडून गेलं. आता जे काही वाईट होतं ते हवामान बदलाच्या नावावर खपवायची फॅशन आली आहे. बहात्तरच्या दुष्काळाला कुठला हवामान बदल होता?

---

वाफसा | २८ ऑक्टोबर

बापू, ज्वारी का गेली याबद्दल तुमचं बरोबर आहे. पण ती परत यायची वाट हवामानानं अवघड केली आहे, हेही बघा.

रब्बी ज्वारी ही जमिनीतल्या साठवलेल्या ओलीवर येते. पाऊस संपायचा, वाफसा यायचा, म्हणजे रान पेरणीजोगं ओलसर व्हायचं, आणि सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत पेरणी व्हायची. पुढे पाणी नाही दिलं तरी खोल काळ्या रानात, थंडीवर आणि दवावर पीक निघायचं. आता पाऊसच वेळेवर परत जात नाही. हवामान खात्यानं २०२० साली मोसमी पावसाच्या सर्वसाधारण तारखा बदलल्या. वायव्य भारतातून परतीची सुरुवात पूर्वी १ सप्टेंबरला धरत, ती १७ सप्टेंबर केली. मुंबईची तारीख २९ सप्टेंबरची ८ ऑक्टोबर झाली. कागदावरची ही सरासरी. रानात त्याचा अर्थ असा की काळ्या जमिनीत ऐन पेरणीच्या दिवसांत पाय ठेवता येत नाही.

पेरणी नोव्हेंबरात ढकलली की दाणा भरायच्या वेळी ऊन तापतं, ओल संपते आणि खडखड्या रोग येतो. ताट आतून पोकळ होऊन आडवं पडतं. आणि फेब्रुवारी-मार्चमध्ये अवकाळी आला तर पांढरी ज्वारी काळी पडते. काळ्या ज्वारीला बाजार कसा असतो ते तुम्हाला माहीत असेलच.

आणि पूर. हवा एक अंश तापली की तिच्यात सात टक्के जास्त बाष्प मावतं. पुण्याच्या आयआयटीएम या हवामान संशोधन संस्थेतल्या रॉक्सी मॅथ्यू कोल आणि सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये १९५० ते २०१५ चा पाऊस तपासून दाखवलं होतं की मध्य भारताच्या पट्ट्यात मोठ्या भूभागावर एकदम कोसळणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना तिपटीनं वाढल्या. एकूण पाऊस मात्र तसा वाढलेला नाही. म्हणजे मधले दिवस कोरडे. सीनाकाठ यांनी दोन वर्षांचं जे सांगितलं ते हेच.

---

पायली_अधोली | २९ ऑक्टोबर

बहात्तरचं नाव निघालं म्हणून लिहितो. मी तेव्हा नऊ वर्षांचा. आई खडी फोडायला जायची, आम्ही पोरं सुकडीसाठी, दुष्काळी कामावर वाटायच्या खाऊसाठी, मागं मागं. रेशनला अमेरिकेची लाल ज्वारी, मिलो, यायची. तिची भाकरी थापली की कडा फाटायची, तव्यावर टाकेपर्यंत दोन तुकडे. वास अजून आठवतो.

सीनाकाठ, तुमच्या कणगीबद्दल वाचून बरं वाटलं, पण एक सांगतो. आमच्या वाड्यात पेव होतं, धान्य साठवायचं जमिनीतलं तळघर, चांगलं पंधरा-वीस पोत्यांचं. बहात्तरला ते रिकामंच होतं. कारण त्याच्या आधीची दोन सालंही तशीच गेली होती. घरचं धान्य एक वाईट वर्ष काढून देतं, फार तर दीड. तिसऱ्या वर्षी सरकारच लागतं. रोजगार हमी नसती तर आमच्या गावातली निम्मी माणसं परत दिसली नसती.

आमच्यात म्हणतात, बहात्तरचा दुष्काळ धान्याचा होता, २०१३ चा पाण्याचा. बहात्तरला विहिरीला पाणी होतं, पोटाला नव्हतं. पुढं उलट झालं. दुकानात धान्याची थप्पी आणि २०१६ ला लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी.

---

बांधावरून | २९ ऑक्टोबर

सगळे दादा, काका लोक बोलून घ्या आधी. मग मी विचारते, ज्वारी काढायला कोण येणार?

सोयाबीन कापायला टोळी येते, मळायला मशीन येतं. शाळू आमच्याकडं उपटून काढतात. फेब्रुवारीच्या उन्हात, वाकून, दोन्ही हातांनी. तळहाताला फोड येतात, पानांनी हात चिरतात. मग कणसं मोडायची, पेंड्या बांधायच्या, गंज लावायची. हे काम बायकांचं. गावात आता त्याला बाई मिळत नाही, आणि मिळाली तर उक्तं घेते आणि घ्यावंच तिनं. माझ्या सासूबाईंचे दोन्ही गुडघे गेलेत. त्यांना विचारा ज्वारी का गेली. हवामान, भाव, रेशन काही सांगणार नाहीत.

आणि पाखरं. पूर्वी शिवारभर ज्वारी असायची, पाखरं सगळ्यांत वाटून खायची. आता एकट्यानं दोन एकर लावली की पंचक्रोशीतली पाखरं तिथंच. आमच्या जावेनं गेल्या साली एक एकर केली होती, निम्मी चिमण्यांनी आणि पोपटांनी नेली. सीनाकाठ, तुमचा भाऊ राखणीचं बोलला ते उगाच नाही.

एवढं सगळं सांगूनही मी दरवर्षी अर्धा एकर करतेच. कडब्यासाठी. सोयाबीनचं भुसकट म्हशीपुढं टाकलं तर ती माझ्याकडं बघते.

---

आजोळ | २९ ऑक्टोबर

"ती माझ्याकडं बघते" :)) ताई, मानलं तुम्हाला.

---

शिधापत्रिका | २९ ऑक्टोबर

कडब्याचा मुद्दा फार महत्त्वाचा, त्यावर कुणीतरी लिहा. मी रेशनबद्दल लिहितो, कारण पायली_अधोली म्हणाले तसं तिसऱ्या वर्षी सरकार लागतं, आणि आपल्याकडे ते नेमकं कुठं उभं आहे ते बघायला हवं.

२०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानं प्राधान्य कुटुंबांना माणशी महिना पाच किलो आणि अंत्योदयला कार्डामागे ३५ किलो. २०२३ पासून ते फुकट. पण मराठवाड्यातले पुष्कळ शेतकरी केशरी कार्डवाले, या यादीत नाहीत. म्हणून २०१५ मध्ये राज्यानं आत्महत्याग्रस्त १४ जिल्ह्यांतल्या केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांना वेगळी योजना दिली. माणशी पाच किलो, गहू दोन रुपयांनी, तांदूळ तीन रुपयांनी. परांडा ज्यात येतं तो धाराशिव जिल्हा त्यात आहे.

मग २०२२ उजाडलं. त्या वर्षीचा मार्च देशात १९०१ पासूनचा सर्वांत उष्ण मार्च ठरला. उत्तरेत गहू ऐन दाणे भरताना भाजला, दाणा बारीक राहिला. त्यात युक्रेनचं युद्ध. सरकारी खरेदी कोसळली आणि १३ मे ला गव्हाची निर्यात बंद. आमच्या दुकानात गव्हाच्या जागी तांदूळ वाढला, आणि केशरी कार्डवाल्या शेतकऱ्यांचं धान्यच थांबलं. २०२३ पासून त्याऐवजी खात्यात माणशी महिना १५० रुपये येऊ लागले, पुढे १७०.

आता हिशोब करा. सीनाकाठ यांनी ज्वारी ४८ रुपयांनी घेतली. १७० रुपयांत साडेतीन किलो. पाच किलो धान्य हे दुष्काळात, पुरात, युद्धात पाच किलोच राहतं. १७० रुपयांचं तसं नसतं. पंजाबातल्या उन्हाचा चटका परांड्याच्या ताटाला बसला तो असा, आणि तो कुठल्याच पंचनाम्यात येत नाही.

---

चिकित्सक_बापू | ३० ऑक्टोबर

हे मला माहीत नव्हतं. धन्यवाद.

तरीही माझा मूळ मुद्दा कायम. यात हवामान एक टक्का आणि धोरण नव्याण्णव.

---

शिधापत्रिका | ३० ऑक्टोबर

टक्के कशाला लावता बापू? गहू उन्हानं भाजला, योजना माणसांनी बंद केली. दोन्ही झालं तेव्हाच ताट रिकामं झालं.

---

वरकसवाली | ३० ऑक्टोबर

कोकणातून. आमच्याकडे ज्वारी नाही, पण दुखणं तेच.

भाताच्या जाती दिवसांवर ठरलेल्या. हळवं, निमगरवं, गरवं, म्हणजे लवकर, मध्यम आणि उशिरा येणारं. हळवं वरच्या हलक्या शेतात, नवरात्राच्या आसपास तयार व्हायचं, घटासमोर नव्या लोंब्या असायच्या. आता ते कापणीला येतं तेव्हा पाऊस भरात असतो. २०१९ ला क्यार वादळाच्या वेळी दिवाळीतच पाऊस कोसळला. कापून ठेवलेलं भात पाण्यात तरंगत होतं, उचललं तर पेंढ्यांना हिरवे कोंब. वडील म्हणाले, परत लावणीच केली म्हण. उडवी रचायचीच नाही त्या वर्षी, रचायला होतं काय?

नाचणी-वरी तर वरकसावर, डोंगरउताराच्या हलक्या जमिनीवर, कुणी करतच नाही. डुकरं आणि वानरं ठेवत नाहीत. २०२३ ला भरडधान्याचं आंतरराष्ट्रीय वर्ष साजरं झालं, तेव्हा माझ्या आत्याकडे नाचणीचं बी मागायला शहरातून माणसं आली होती. तिनं विचारलं, वानरं पण घेऊन जाणार का?

---

मानशीकार | ३० ऑक्टोबर

गोव्यातून दोन ओळी. आमच्या खाजन जमिनीत, खाडीकाठी बांध घालून केलेल्या शेतात, कोरगुट नावाचं भात होतं, खारं पाणी सोसणारं. समुद्र वर चढतोय म्हणून आता सगळे खारं पाणी सोसणाऱ्या जाती शोधतात, ही तर आजीच्या कोठारात होती. पण नुसतं बी असून भागत नाही. बांध आणि मानस, म्हणजे पाणी आत-बाहेर सोडायचं दार, सांभाळायला गाव लागतो. बांध फुटला की खारं पाणी आत येतं आणि शेताची कांदळवनं होतात. आमच्याकडे बी अजून मिळेल, बांधावर जाणारा मिळत नाही.

---

परदेशी_पाटील | ३१ ऑक्टोबर

न्यू जर्सी. २०२३ च्या जुलैमध्ये भारतानं बिगर-बासमती पांढऱ्या तांदळाची निर्यात बंद केली (२० जुलै, तारीख पक्की लक्षात आहे), दुसऱ्या दिवशी इथल्या देशी दुकानांत सोनामसुरीवर झुंबड. एका कुटुंबाला एकच पिशवी. माझ्यासमोर एका गृहस्थांनी बायको, मुलगा आणि सासरे असे तीन वेगळ्या रांगांत उभे केले.

मी हसलो आणि मग मीही बायकोला फोन केला.

---

चाळकरी | ३१ ऑक्टोबर

तुम्ही रांगेत उभे होता, आम्ही त्या बंदीच्या दुसऱ्या टोकाला. २०२३ च्याच ऑगस्टमध्ये कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क, डिसेंबरात थेट बंदी. उन्हाळ कांदा कांदाचाळीत सहा महिने ठेवायचा, दमट हवेत तो सडतो, तिसरा हिस्सा उकिरड्यावर. उरलेल्याला भाव यायला लागला की दिल्लीला जाग येते. पीक हवामानानं गेलं तर आमचं, भाव चढला तर देशाचा. जास्त लिहीत नाही, नाहीतर धागा कांद्याकडे वळेल.

---

वाफसा | १ नोव्हेंबर

मूळ प्रश्नाकडे येतो. सीनाकाठ, गहिवर वगैरे बाजूला ठेवा. तुमच्या पुराची एक बाजू अजून कुणी बोललं नाही. माती खरवडलेल्या तुकड्याचा नाद सोडा, तिथं यंदा काही होणार नाही. पण वरच्या अंगाला काळं रान असेल तर त्याच्या पोटात ओल गच्च आहे. वाफसा आला असेल तर थांबू नका. उशीर झालाय हे खरं, उतारा पडेल हेही खरं, पण ओल भरपूर असल्यानं खडखड्याचा धोका नेहमीच्या उशिराच्या पेरणीपेक्षा कमी राहील.

रान बघून जात घ्या. हलक्या रानाला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, भारीला फुले वसुधा. एखादं पाणी देता येत असेल तर फुले रेवती. आणि चव हवी असेल, कडबा हवा असेल तर आपली मालदांडी. मोहोळच्या केंद्रावर गावरान ज्वारीतून निवडलेली ही जात, अजून माणसं सोडत नाहीत, मंगळवेढ्याच्या ज्वारीला २०१६ ला भौगोलिक मानांकन मिळालं. ही सरळ जात, संकरित नाही. एकदा बी आणलं की पुढे घरचं ठेवता येतं. एकरी चार किलो पुरे. काणी रोग येऊ नये म्हणून बियाण्याला गंधक चोळा.

फक्त विकायचा हिशोब मनात धरू नका. मालदांडीचा हमीभाव यंदा क्विंटलला ३७४९ आहे, तुम्ही दुकानात क्विंटलमागे ४८०० दिलेत. पेरलेली ज्वारी तुम्हाला दुकानाच्या भावानं पडते, बाजार समितीच्या नाही. घरी खाल्लेल्या धान्याचा हिशोब असा करायचा असतो, आणि कृषी खात्याच्या कुठल्याही तक्त्यात तो असा केलेला मी पाहिला नाही.

---

बांधावरून | १ नोव्हेंबर

वाफसा दादांचं शेवटचं वाक्य मी आमच्या ह्यांना वाचून दाखवलं.

पाखरांवर एक उपाय. शेजाऱ्याला तयार करा. एकट्याची दोन एकर पाखरं संपवतात, लागून पाच-सहा एकर असली की नुकसान वाटलं जातं. आणि राखणीच्या पाळ्या लावता येतात. करडईचे पाटे पण टाका मध्ये. काट्यामुळं जनावर आत शिरत नाही आणि तेलाचं घरी निघतं.

---

पायली_अधोली | २ नोव्हेंबर

करडईचं तेल! आमच्या घाण्यावरून आणायचो, भाकरीवर कच्चं, वर तिखट. चला, मी आता गप्प बसतो.

---

सीनाकाठ | १६ नोव्हेंबर

उशिरा लिहितोय, माफी असावी.

भावाशी दोनदा भांडण झालं. मी त्याला तुमचे प्रतिसाद फोनवर वाचून दाखवले. वाफसा यांचं बियाण्याचं त्यानं ऐकून घेतलं, शिधापत्रिका यांच्या १७० रुपयांवर म्हणाला, "ते तरी कुठं वेळेवर येतात." बांधावरून ताईंचं वाचल्यावर म्हणाला, "ही बाई खरी शेतकरी दिसते." बाकी आपण सगळे कोण, ते बोलला नाही.

वरच्या अंगाला दोन एकर मालदांडी टाकली, ४ तारखेला. मी रजा काढून गेलो होतो. तिफण आता गावात एकाचकडे राहिली आहे, ट्रॅक्टरच्या पेरणीयंत्रानंच पेरली. पण पहिल्या तासाला आईनं हट्टानं स्वतःच्या हातानं मूठ टाकली. बी तिनं रात्री बसून निवडलं होतं, पिशवीवर प्रमाणित लिहिलेलं असूनसुद्धा. करडईचे पाटे आहेत. उरलेल्यात हरभरा. शेजारचे चुलते तीन एकर ज्वारी करायला तयार झाले, त्यांना कडबा हवा आहे, गेल्या उन्हाळ्यात चाऱ्याअभावी एक गाय विकावी लागली होती.

बापू, तुमचंही पटलंय. भाव आणि मजुरी यांचं गणित सुटलं नाही तर पुढच्या साली भाऊ परत सोयाबीनकडे जाईल, आणि त्याला मी अडवू शकणार नाही. घरचं वर्षाचं खाणं पाच माणसांचं सहा-सात क्विंटल. बरं साल असतं तर दोन एकरात ते सहज निघालं असतं. उशिराच्या पेरणीत भाऊ चार-पाच धरतोय. म्हणजे काही महिने पिशवी घेऊन एसटीत बसणं आहेच.

उगवण चांगली आहे. फोटो टाकायचा होता, इथे चढत नाहीये.

---

चिकित्सक_बापू | १६ नोव्हेंबर

पेरलीत ते बरं केलंत. हुरड्याला कधी यायचं?

---

सीनाकाठ | १६ नोव्हेंबर

फेब्रुवारीच्या सुरुवातीला, पाखरांनी ठेवला तर. पण भावाची अट आहे. जो हुरड्याला येईल त्यानं मार्चमध्ये एक दिवस ज्वारी उपटायला यायचं. नावं खाली लिहा.

---

बांधावरून | १६ नोव्हेंबर

बापूंचं पहिलं लिहा. हातमोजे मी देते.